स्मृतिदिनाच्या निधी-संकलन कार्यक्रमात पाहुण्यांचा आणि सत्कारमूर्तींचा परिचय: पहिल्यांदाच माइक हातात घेणाऱ्यांसाठी

घरातलं मोठं माणूस गेलं की पहिल्या वर्षी कुटुंब बसून ठरवतं, वर्षश्राद्ध घरापुरतं करू आणि त्यांच्या नावाने कार्यक्रम घेऊन एखाद्या चांगल्या कामाला पैसा उभा करू. सांगली-मिरजेकडे असे कार्यक्रम आता नेहमी होतात. कुठे डायलिसिसच्या पेशंटांसाठी, कुठे मुलींच्या वसतिगृहासाठी, कुठे पूरग्रस्त शाळेसाठी. हॉल ठरतो, पत्रिका छापून येते, जेवणाचं सांगून होतं. शेवटच्या आठवड्यात लक्षात येतं की पाहुण्यांचा परिचय कोण करून देणार हे ठरलेलंच नाही. मग सगळ्यांच्या नजरा घरातल्या शिक्षकाकडे किंवा कॉलेजात वक्तृत्वाचं बक्षीस मिळवलेल्या पुतणीकडे वळतात.

त्या माणसासाठी हे लिहिते आहे. सांगली, मिरज, तासगाव, पलूस या पट्ट्यात मी अशा कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करत आले आहे, आणि नवख्या माणसाची धांदल कुठे उडते ते जवळून पाहिलं आहे.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. प्रत्येक परिचयातून श्रोत्यांना एवढंच कळायला हवं: हा माणूस आज, या माणसाच्या स्मृतिदिनाला, या कामासाठी इथे का बसला आहे? परिचय या प्रश्नाचं उत्तर देत असेल तर तो साधा असला तरी चालतो. देत नसेल तर कितीही अलंकारिक असला तरी लोक मोबाइल काढतात.

१. नावांच्या याद्या वेगळ्या करा

कार्यक्रमाच्या किमान दहा दिवस आधी आयोजकांसोबत बसा आणि तीन याद्या करा.

पहिली पाहुण्यांची: अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती. दुसरी सत्कारमूर्तींची. तिसरी मोठ्या देणगीदारांची. एकच माणूस दोन याद्यांत असू शकतो. तसं असेल तर त्याचा परिचय कुठे द्यायचा ते आधीच ठरवा, नाहीतर एकाच माणसाची दोनदा ओळख होते आणि दुसऱ्याची राहून जाते.

ज्यांना मदत मिळणार आहे त्यांची यादी या तिन्हींत मिसळू नका. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

याद्यांवर शेवटचा शब्द कुणाचा, हेही त्याच बैठकीत ठरवून घ्या. घरातली एक व्यक्ती किंवा ट्रस्टचे सचिव. कार्यक्रम सुरू झाल्यावर खालून चिठ्ठ्या येतातच: "अमुक साहेब आलेत, त्यांचंही नाव घ्या." प्रत्येक चिठ्ठीवर तुम्ही निर्णय घ्यायचा नाही. चिठ्ठी त्या एका व्यक्तीकडे जाईल आणि तिथून होकार आला तरच नाव घेतलं जाईल, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

२. माहिती थेट त्या माणसाकडून घ्या

इंटरनेटवरचा किंवा जुन्या पत्रिकेतला परिचय उचलू नका. हुद्दे बदलतात, माणसं निवृत्त होतात, संस्थांची नावं बदलतात. फोन करा. वयाने मोठ्या व्यक्तीला सकाळच्या वेळी करा आणि सरळ सांगा, "तुमच्याबद्दल चुकीचं काही बोललं जाऊ नये म्हणून विचारतेय." आजवर कुणी या फोनला नाराज झालेलं मी पाहिलेलं नाही.

विचारायच्या गोष्टी:

– पूर्ण नाव, आणि ते कसं उच्चारायचं. जत, मिरज भागातली काही आडनावं कानडी वळणाची आहेत. ती त्यांच्याच तोंडून ऐका आणि देवनागरीत जशी ऐकली तशी लिहून ठेवा.
– वडिलांचं किंवा पतीचं नाव लावायचं का? आपल्याकडे एका सभागृहात वीस पाटील बसलेले असतात, त्यामुळे गावाचं नाव जोडायचं का हेही विचारा.
– स्त्रियांच्या नावामागे सौ., श्रीमती की काहीच नको? अंदाजाने लावू नका.
– सध्याचा हुद्दा, आणि माजी असेल तर "माजी" म्हणायचं का.
– गेलेल्या व्यक्तीशी त्यांचा संबंध. एखादी आठवण असली तर ती.
– आपल्याबद्दल काय सांगू नये असं त्यांना वाटतं. हा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत आणि खरी माहिती याच्याच उत्तरात मिळते.

पुरस्कारांच्या बाबतीत एक काळजी घ्या. भारतरत्न आणि पद्म पुरस्कार या पदव्या नाहीत. ते नावाच्या मागे किंवा पुढे बिरुदासारखे लावता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केलं आहे. म्हणून "पद्मश्री अमुक अमुक" असं पुकारू नका आणि पत्रिकेतही छापू देऊ नका. "श्री. अमुक अमुक यांना अमुक साली पद्मश्री पुरस्कार मिळाला" असं वाक्य करा. मान तेवढाच राहतो आणि नियमही पाळला जातो.

लिहून झालेला परिचय त्या व्यक्तीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि "वाचून होकार कळवा" असं म्हणा. आलेला होकार जपून ठेवा.

३. गेलेल्या व्यक्तीबद्दलचे शब्द घरच्यांना विचारून ठरवा

कै. की स्व.? घराण्याच्या रीतीप्रमाणे हे बदलतं. बौद्ध कुटुंबात कालकथित म्हणतात, लिंगायत घरात लिंगैक्य, मुस्लिम घरात मरहूम, ख्रिस्ती घरात ख्रिस्तवासी. आपल्या सवयीचं जे तोंडात बसलेलं असतं तेच बाहेर पडतं, म्हणून घरच्यांनी सांगितलेला शब्द कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. घरात त्यांना आबा, अण्णा, माई, आक्का असं जे म्हणत असतील ते जाहीर बोलताना वापरलेलं चालेल का, तेही विचारा. चालत असेल तर जरूर वापरा. सभागृहातल्या निम्म्या लोकांनी त्यांना त्याच नावाने हाक मारलेली असते.

आता दिवंगत व्यक्तीच्या पत्नीबद्दल. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. अनेक ठिकाणी दीपप्रज्वलनाला सगळे मान्यवर पुढे येतात आणि ज्यांच्या पतीचा स्मृतिदिन आहे त्या बाई पहिल्या रांगेत बसून राहतात. स्वागताच्या वेळी इतर स्त्रियांना हळदीकुंकू लावलं जातं आणि त्यांना वगळलं जातं. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. हेरवाड आपल्या शेजारचं गाव आहे. समई त्यांच्या हातून लागावी असं आयोजकांना तुम्ही स्वतः सुचवा. त्यांची तयारी असेल तर पहिलं नाव त्यांचं पुकारा. तयारी नसेल तर आग्रह करू नका, पण विचारल्याशिवाय वगळूही नका.

४. परिचय लिहून काढा

"मला बोलता येतं, ऐनवेळी सुचेल" या भरवशावर राहू नका. लिहा. सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात. प्रमुख पाहुण्यांना दीड मिनिट, इतर पाहुण्यांना चाळीस सेकंद, सत्कारमूर्तींना प्रत्येकी दोन मिनिटं. हो, सत्कारमूर्तींना जास्त. पाहुणे नंतर भाषण करणारच आहेत. सत्कारमूर्तींपैकी अनेक जण माइकवर चार शब्दही बोलत नाहीत, त्यांच्या वतीने तुम्हालाच बोलायचं असतं.

विशेषणं काढून टाका. थोर, महान, धडाडीचे, अष्टपैलू, दानशूर, कार्यसम्राट. हे शब्द सगळ्यांनाच लागतात, त्यामुळे कुणाबद्दलच काही सांगत नाहीत. त्यांच्या जागी घडलेली एक गोष्ट ठेवा. कर्मवीर भाऊराव पाटलांचंच पाहा. "थोर शिक्षणमहर्षी" म्हटल्याने शाळकरी मुलाला काय कळतं? पण १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि पुढे वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं, हे सांगितलं की त्या मुलाला दोघंही कळतात. तुमच्या पाहुण्यांच्या आयुष्यात एवढी मोठी गोष्ट नसेल. छोटी असेल. ती शोधा.

डायलिसिस मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी प्रमुख पाहुण्यांचा परिचय साधारण असा करता येईल (आबा म्हणजे ज्यांचा स्मृतिदिन आहे ते):

"आजचे प्रमुख पाहुणे डॉ. (पूर्ण नाव). मिरजेत ते मूत्रपिंडविकारांवर उपचार करतात. आबांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा घरचे सगळे घाबरले होते. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी आबांना मशीन दाखवलं, कुठली नळी कुठे जाते ते समजावलं आणि मगच सुई लावली. आबा पुढे नव्या पेशंटांना तेच समजावून सांगायचे. आज आपण ज्या निधीसाठी जमलो आहोत त्याची गरज डॉक्टर रोज पाहतात. त्याबद्दल त्यांच्याकडूनच ऐकू या."

यात पदव्यांची यादी नाही. हवीच असेल तर पत्रिकेत छापा. आणि आजारपणाचा उल्लेख करण्याआधी घरच्यांची परवानगी घ्या. डॉक्टरांनाही मजकूर आधी दाखवा, कारण पेशंटबद्दल चारचौघांत किती बोलायचं याची बंधनं त्यांच्यावर असतात.

शेरोशायरी, सुविचार, चारोळ्या? एखादी ओवी किंवा अभंगाची ओळ आबांच्या रोजच्या म्हणण्यातली असेल तर घ्या. उगाच पेरू नका. स्मृतिदिन आहे.

५. सत्कारमूर्ती: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

अशा कार्यक्रमांत सत्कार कुणाचे होतात? नेत्रदान केलेल्या कुटुंबाचा, पुरात होडी चालवलेल्या तरुणाचा, वर्षानुवर्षं रात्रपाळी केलेल्या नर्सताईंचा, शाळेला स्वतःची जमीन दिलेल्या शेतकऱ्याचा. यांच्याबद्दल इंटरनेटवर काही सापडत नाही. त्यांच्या घरी जा. चहा घ्या, बसा, ऐका. फोनवर ही माणसं "आमचं काय सांगायचं त्यात" म्हणून विषय संपवतात. घरी गेलात की शेजारीण सांगते, सून सांगते.

पुरात मदत केलेल्या व्यक्तीचा परिचय पाहा:

"ऑगस्ट २०१९. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. गावात वीज नाही, फोन बंद. (पूर्ण नाव) यांनी मासेमारीची होडी काढली. पहिल्या फेरीत त्यांनी स्वतःच्या घरच्यांना आणलं नाही, कारण शेजारच्या घरात बाळंतीण होती."

इथे थांबा. पुढचं सभागृहाला कळतं. मात्र यातली प्रत्येक गोष्ट खरी असायला हवी. किती माणसं वाचवली याचा आकडा गावात फिरत असतो आणि दरवर्षी वाढतो. त्या व्यक्तीने स्वतः सांगितला तेवढाच आकडा घ्या. त्यांना आठवत नसेल तर आकडा नको.

नेत्रदान केलेल्या कुटुंबाबद्दल बोलताना लोकांना हे सांगा की मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावं लागतं. त्या सहा तासांत घरात काय चाललेलं असतं हे प्रत्येकाने अनुभवलेलं आहे. त्या वेळी कुणीतरी उठून फोन केला, म्हणून आज सत्कार आहे. फोन कुणी केला ते विचारून घ्या आणि परवानगी असेल तर नाव घ्या. बहुतेकदा घरातली तरुण मुलगी किंवा सून असते. अवयवदान असेल तर आणखी सांभाळून बोला: मृत्यूनंतरच्या अवयवदानात दाता आणि अवयव मिळालेली व्यक्ती यांची ओळख उघड न करण्याची पद्धत आहे. कुणाचं मूत्रपिंड कुणाला मिळालं हे गावात माहीत असलं तरी व्यासपीठावरून बोलू नका.

आता मदत मिळणाऱ्यांबद्दल. शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलीला पुढे बोलावून "वडील दारू पितात, आई धुणीभांडी करते, घरात खायला नाही" असं वाचून दाखवताना मी ऐकलं आहे. ती मुलगी खाली मान घालून उभी होती आणि समोर तिच्या वर्गातल्या मुली बसल्या होत्या. देणगी वाढावी म्हणून कुणाच्या घरची फाटकी बाजू सभागृहात मांडायचा आपल्याला अधिकार नाही. मुलीचं नाव, ती काय शिकते, पुढे काय शिकणार आहे, एवढं पुरे. अल्पवयीन असेल तर नाव आणि फोटो दोन्हीसाठी पालकांची लेखी परवानगी घ्या, आणि मुलीलाही विचारा. आजाराचा उल्लेख शक्यतो टाळाच. एचआयव्हीच्या बाबतीत तर संमतीशिवाय माहिती उघड करायला २०१७ च्या कायद्यानेच मनाई आहे.

आयोजक म्हणतील, "लोकांना कळवळा यायला हवा." त्यांना सांगा, एका डायलिसिसला किती खर्च येतो, आठवड्याला किती वेळा करावं लागतं, आपल्या निधीतून किती जणांचं वर्ष निघेल, हे आकडे रुग्णालयाकडून घेऊन मांडू. लोक त्याला देतात.

६. देणगीदारांची नावं

रक्कम जाहीर करायची का, हे प्रत्येकाला विचारा. गुप्तदान म्हणून दिलेल्या रकमेबद्दल "एका दात्याकडून" एवढंच म्हणा, सूचक हसू नका आणि त्या दिशेला पाहू नका.

मोठ्या रकमेपासून लहान रकमेकडे असा क्रम लावू नका. आडनावांचा किंवा गावांचा क्रम बरा. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले आणि स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. त्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी काढली होती आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवलं होतं. प्राचार्यांचं नाव आज घेतलं जातं, वर्गणी देणाऱ्या शेकडो जणांची नावं कुणी घेत नाही. तुमच्या हातात यादी आहे तोवर शंभर रुपये देणाऱ्याचंही नाव फलकावर किंवा पत्रकात येईल असं पाहा.

माइकवरून करसवलतीचं आश्वासन देण्याआधी ट्रस्टकडे देणगीवरच्या आयकर सवलतीची (८०जी म्हणून ओळखली जाणारी) मान्यता आहे का ते खात्री करून घ्या. मान्यता असली तरी दोन हजारांहून जास्त रक्कम रोख दिली तर सवलत मिळत नाही. हे एका वाक्यात सांगा आणि क्यूआर कोड कुठे लावला आहे ते दाखवा.

७. क्रम आणि व्यासपीठ

आधी गेलेल्या व्यक्तीचं स्मरण, मग पाहुण्यांचा परिचय आणि स्वागत, मग प्रास्ताविक, सत्कार, भाषणं, निधीचं आवाहन, आभार. सत्कार भाषणांच्या आधीच घ्या. उशीर झाला की लोक उठतात आणि ज्यांच्यासाठी सोहळा त्यांना रिकाम्या खुर्च्या बघाव्या लागतात. उघड्यावर कार्यक्रम असेल तर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, त्याचा हिशेब आधीच करा.

मंत्री येणार असतील तर मान्यवरांचा क्रम जिल्हाधिकारी कार्यालयाच्या राजशिष्टाचार शाखेकडून विचारून घ्या. स्थानिक पुढाऱ्यांच्या क्रमावरून मनं दुखावतात, तो आयोजकांनी ठरवून लेखी द्यावा. आचारसंहिता लागू असेल तर राजकीय पदाधिकाऱ्यांना बोलावण्याआधी तहसील कार्यालयात चौकशी करा.

पुण्याहून येणारे पाहुणे उशिरा पोहोचतील असं गृहीत धरा. खंबाटकी घाटात गाड्या अडकल्या की पेठ नाक्यापर्यंतचं सगळं गणित बिघडतं. त्यांचा परिचय वेगळ्या कागदावर ठेवा, म्हणजे कार्यक्रम न थांबवता ते आल्यावर वाचता येईल.

शाल कोण देणार, स्मृतिचिन्ह कोण देणार, ते प्रत्येक नावापुढे लिहा. परिचय पूर्ण वाचून झाल्यावरच सत्कारमूर्तींना पुढे बोलवा. फेटा बांधणं आणि परिचय वाचणं एकाच वेळी चाललं की लोक फेटा बघतात. ज्येष्ठ व्यक्तींना पायऱ्या चढायला लावू नका. पाहुण्यांनीच खाली उतरून त्यांच्या खुर्चीपाशी सत्कार करावा, तो जास्त शोभतो.

८. आदल्या दिवशीची तयारी

हॉलवर जाऊन माइकवरून सगळी नावं मोठ्याने वाचा. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरासारख्या ठिकाणी आवाज नीट पोहोचतो. पत्र्याच्या मंगल कार्यालयात घुमतो, तिथे सावकाश बोला. साउंडवाल्यांकडे एक जादा हँडमाइक मागून ठेवा.

सोबत हवं ते:

– परिचयांचे कागद, एका कागदावर एकच व्यक्ती, मोठ्या टायपात
– अंतिम क्रमाची यादी, दोन प्रती (एक आयोजकांकडे)
– होकाराचे मेसेज आणि पालकांच्या लेखी परवानग्या
– मानपत्राची प्रत. मानपत्रातलं आणि तुमच्या कागदावरचं नाव जुळतं का, अक्षर न् अक्षर तपासा
– ट्रस्टचा नोंदणी क्रमांक, बँक तपशील, क्यूआर कोड
– कोरे कागद, पेन, पाण्याची बाटली
– पाहुण्यांच्या चालकांचे फोन नंबर

९. ऐनवेळी

नाव चुकलं तर लगेच "क्षमस्व" म्हणून पूर्ण नाव बरोबर घ्या आणि पुढे चला. लांबलचक माफी त्या व्यक्तीलाच अवघड करते.

प्रमुख पाहुणे आलेच नाहीत तर त्यांचा परिचय वाचू नका. शुभेच्छा संदेश असेल तर दोन ओळी वाचा.

सत्कार स्वीकारताना कुणाला रडू आलं तर माइकवरून काही बोलू नका. "भावुक झालेले पाहून आपणही..." असलं काही तर मुळीच नाही. माइक खाली घ्या, त्यांना वेळ द्या, घरचं कुणीतरी पुढे येतं. टाळ्यांचं आवाहनही करू नका. लोक आपणहून वाजवतात.

१०. दुसऱ्या दिवशी

वर्तमानपत्रांना बातमी जाते ती अनेकदा घाईत लिहिलेली असते. तुमच्याकडे तपासलेली नावं आहेत, तीच आयोजकांना पाठवा म्हणजे बातमीतही बरोबर छापून येतील. सत्कारमूर्तींचा परिचय ज्या कागदावरून वाचला तो स्वच्छ टाइप करून, फोटोसह त्यांच्या घरी पोहोचवा. शक्यतो कुणाच्या तरी हातून, कारण सगळ्यांकडे व्हॉट्सअ‍ॅप नसतं. निधी किती जमला आणि कुठे जमा झाला, हे महिन्याभरात पाहुण्यांना आणि देणगीदारांना कळवायचं काम कुणाकडे आहे ते विचारा. कुणाकडेच नसेल तर तुम्हीच आयोजकांच्या मागे लागा.